तुझ्या नावाने घेतलेला फोन

प्रिय ठके,

तुला या नावाने हाक मारावी की नाही, यावर माझा बराच वेळ गेला. तुझं खरं नाव मला ठाऊक आहे. तुझ्या आजीने ते एकदा अक्षरं सुटी करून सांगितलं होतं. पण ते कागदावर लिहिलं तर आमच्या ऑफिसातून गेलेल्या पत्रासारखं दिसायला लागलं, म्हणून फाडून टाकलं. आजीच्या तोंडून ‘फोनवाली’ असं काही तू ऐकलं असशील, ती मी. पाणलोट मंडळात, पूरसूचनेच्या खोलीत काम करते. आपण दोघी कधी बोललेलो नाही. वयाने मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

आमचं ऑफिस तू लहानपणी बघितलं असणार. शाळेची मुलं मासे बघायला यायची, ते काचेच्या टाक्यांचं दालन आमचंच. ओढ्यालगत भिंत बांधायची परवानगी, रोपं, जंगलातल्या पायवाटांचे नकाशे, सगळ्यासाठी माणसं आमच्या खिडकीशी येऊन उभी राहायची आणि निम्मी उगाच गप्पा मारून जायची. साथ आली आणि एका सकाळी खिडकी बंद झाली. पण नदीला साथीचं कोणी कळवलेलं नव्हतं. ती वाहायची थांबेना, तेव्हा आम्हालाही थांबता येईना. मग साहेबांनी एकेक सोय बसवली. लोकांनी कागद फाटकाजवळच्या पेटीत टाकायचे, ते दोन-तीन दिवस कोणी शिवायचं नाही. आमचे हिशेबनीस म्हणायचे, कागदसुद्धा विलगीकरणात आहेत, खोकला नाही निघाला की सही करू. काठाची पाहणी करणारे आमचे लोक घरी बसून घरमालकाला सांगायचे, फोन धरून ओढ्याच्या कडेने चाला आणि दाखवा. एक गृहस्थ मागे चालता चालता थेट ओढ्यात उतरले, तर आमच्या माणसाने शांतपणे, पाणी गुडघ्यापर्यंत, असं लिहून घेतलं. हसायचो आम्ही. हसण्यासारखं तेवढंच होतं.

जंगलातल्या वाटा मात्र मला सोसायच्या नाहीत. गर्दी नको म्हणून त्या एकेरी केल्या होत्या, झाडांवर बाण रंगवले होते. समोरून कोणी यायचंच नाही. पुढे फक्त पाठी दिसायच्या आणि वळणावर एकेक पाठ नाहीशी व्हायची. आमच्या खोलीतही तसंच. पूरसूचना बंद पडून चालणार नाही, म्हणून आमचे दोन गट केले आणि दोन्ही गटांची कधी गाठ पडू नये अशी व्यवस्था केली. एक गट गेला की खिडक्या उघड्या टाकायच्या, खुर्च्या पुसायच्या, मग दुसरा गट यायचा. नकाशे काढणारा आमचा एक जुना सोबती दुसऱ्या गटात गेला. त्या काळात तो मला फक्त फळ्यावरच्या अक्षरांतून भेटायचा. पाणी किती, कुठे चढतंय, आणि खाली माझ्यासाठी, चहाची पूड संपली आहे. एके दिवशी फळ्यावरचं अक्षर बदललं. त्याची खुर्चीही आम्ही पुसतच राहिलो.

पूर्वी पूर येणार असं दिसलं की आमची माणसं सखल भागात दारोदार जायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हाताला धरून बाहेर काढायची. आता हात धरायची सोय उरली नव्हती. म्हणून ठरलं की नदी शांत असतानाच सखल गल्ल्यांतल्या घरांना फोन करत राहायचं. कोण आजारी आहे, कोणाला चालवत नाही, पाणी आलंच तर कोणाला वेगळी खोली लागेल, हे आधीच माहीत असलेलं बरं. मी एकटी राहते, मला बोलायला आवडतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तुझ्या आजीला पहिला फोन केला तेव्हा तिला वाटलं मी काहीतरी विकते आहे. नाही, पाणलोट ऑफिसातून बोलते, खुशाली विचारायला, असं म्हटल्यावर ती म्हणाली, “माझी खुशाली घेऊन तुमची नदी काय करणार आहे?” पुढच्या वेळी मात्र फोन उचलताच, “बोल फोनवाले,” म्हणाली. मग नदी बाजूला राहिली.

तुझ्याबद्दल तिने थोडं थोडं करून सांगितलं. मायबाप नसलेल्या तुला दोघांनी वाढवलं हे, आणि शाळेला सुट्टी असली की तू आजोबांच्या बसमध्ये त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसून दिवसभर फिरायचीस हे. तू परदेशातली नोकरी घेतलीस तेव्हा ते कसे बसले होते, तेही. तिचे शब्द सांगते. “अख्ख्या गावाला आयुष्यभर सोडणारा माणूस, पण पोरीला स्टँडपर्यंत सोडायला उठला नाही.” तू बॅग घेऊन दारात थांबलीस आणि ते भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, असं ती म्हणाली. रविवारी तुझा फोन यायचा तेव्हा ते रिसीव्हर तिच्या हातात द्यायचे, आणि खुर्ची मात्र इतकी जवळ ओढून घ्यायचे की आजीला पाय लांब करता यायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, मग बोलत का नाहीत. ती म्हणाली, “आता कुठल्या तोंडाने बोलतील? ती इथे यायला हवी. समोर आली की आपोआप बोलतील.” तोपर्यंत सगळ्या सीमा बंद झाल्या होत्या.

ते आजारी पडले ते तुला कळलंच आहे. रुग्णवाहिका आली, अंगभर झाकलेली दोन माणसं त्यांना घेऊन गेली, आजीला फाटकाच्या आतच थांबवलं. घरात मोबाईल एकच होता, तो त्यांच्या खिशात गेला आणि त्याचा चार्जर स्वयंपाकघरात राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो बंद. हॉस्पिटलकडे मग घरचा नंबर होता, तो जुना फोन, दाराशेजारच्या कोनाड्यातला. दिवसातून एकदा वॉर्डातून फोन येई आणि एक वाक्य सांगितलं जाई. त्या एका वाक्यावर आजी पुढचा अख्खा दिवस काढायची. कोनाड्याजवळच जेवायची, तिथेच चटई टाकून झोपायची.

आणि त्याच आठवड्यात वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळला. गावात टिपूस नव्हता, ऊन होतं. ऊन असताना लोकांना घर सोडा म्हणून सांगणं फार अवघड असतं. आमच्या फळ्यावरचे आकडे चढत होते, आणि मी एकेका घराला फोन करत होते. बहुतेक सगळे निघाले. तुझी आजी म्हणाली, मी येत नाही. मला वाटलं, साथीच्या भीतीने म्हणतेय. मी सांगितलं, टेकडीवरच्या शाळेत तुमच्यासाठी वेगळा वर्ग ठेवला आहे, कोणी जवळ येणार नाही, गाडीवालासुद्धा मागचं दार उघडून लांब उभा राहील. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “अगं, ते सगळं खरं. पण हॉस्पिटलचा फोन आला तर कोण घेईल?”

या प्रश्नाचं उत्तर आमच्या कुठल्याच सूचनेत नव्हतं. तिला मी म्हणू शकले असते की पाणी आलं तर फोनही जाईल आणि तुम्हीही. म्हटलंही. ती म्हणाली, “जाऊ दे. पण तोपर्यंत तर वाजेल.” गाडी तिच्या दारात उभी होती, मागे अजून दोन गल्ल्या होत्या, गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तो मला फोनमधून ऐकू येत होता. तेव्हा मी म्हटलं, आजी, तो फोन मी घेते. वॉर्डाला माझा नंबर देते, तिथून काहीही कळलं की त्याच क्षणी तुम्हाला सांगते. तिने विचारलं, “ते परक्याला सांगतात का?” मी म्हटलं, नाही सांगत. थोडा वेळ नुसता हॉर्न. मग ती म्हणाली, “मग नात आहे म्हणून सांग. नात तर आहेच त्यांना, खोटं कुठे आहे?” आणि तिने रिसीव्हर खाली ठेवला. जागेवर नीट ठेवला असणार, कारण नंतर मी त्या नंबरवर फोन लावून बघितला, तर रिंग जात होती.

वॉर्डाचा फोन लागायला दुपार उलटली. नर्सने विचारलं, पेशंटच्या कोण तुम्ही. मी म्हटलं, नात. तिने माझा नंबर घेतला. संध्याकाळपर्यंत पाणी तुमच्या गल्लीत शिरलं. शाळेत सगळे सुखरूप पोचल्याचा निरोप आला, आणि त्यानंतर टेकडीवरचा टॉवर बंद पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या खोलीत होते. खिडक्या उघड्या होत्या, खालून पुराचा तो एकसारखा आवाज येत होता. नर्सचा फोन आला. म्हणाली, आधी त्या जुन्या नंबरवरच कितीदा लावला, रिंग जातेय आणि कोणी उचलत नाही. मला माहीत होतं की तुमचं घर छपरापर्यंत पाण्यात आहे. फोन बुडला तरी लावणाऱ्याला रिंग ऐकू येत राहते, हे मला नंतर कोणीतरी समजावून सांगितलं. त्या वेळी मात्र माझ्या डोळ्यांसमोर तो कोनाडा आला, गढूळ पाणी, आणि त्यात वाजणारा फोन. तूही त्या सकाळी तिकडून त्याच नंबरवर लावत होतीस, असं आजीने पुढे सांगितलं.

नर्स म्हणाली, ते जास्त वेळ काढणार नाहीत, बोलायचं असेल तर आत्ताच बोला, मी फोन त्यांच्या कानाशी धरते. मी दुसऱ्या फोनवरून शाळेला लावत होते. लागत नव्हता. मी म्हटलं, थांबा, त्यांच्या पत्नीला गाठते आहे. ती म्हणाली, “ताई, थांबायला माझ्याकडे वेळ नाही, आणि त्यांच्याकडे तर नाहीच.” मग तिचा आवाज लांब गेला आणि ती त्यांना म्हणाली, “आजोबा, तुमच्या नातीचा फोन आहे.”

आधी नुसती ऑक्सिजनची घरघर. मग ते म्हणाले, “ठके?”

मी हो म्हटलं.

त्या हो-ला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी तुझं हे लाडाचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकत होते. आजी माझ्याशी बोलताना नेहमी ‘आमची पोर’ म्हणायची. त्यांना तू काय हाक मारतेस हेही मला माहीत नव्हतं. आजोबा म्हणतेस, आबा म्हणतेस, की आणखी काही. चुकीची हाक मारली तर त्यांना कळेल, या धास्तीने मी कुठलीच हाक न मारता बोलत राहिले. तू त्यांना ‘डायवर’ म्हणायचीस, हे मला फार उशिरा कळलं. मला ते सुचणंच शक्य नव्हतं.

ते म्हणाले, “बसलीस का नीट?” मी म्हटलं, बसले. “खिडकीशी बस. हात बाहेर काढू नको.” नाही काढत, मी म्हटलं. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं संपलं. तेवढ्यात म्हणाले, “मागचं दार लागलं का बघ.” मी खरंच मागे वळून बघितलं, ठके. आमच्या खोलीचं दार उघडं होतं, हवा खेळावी म्हणून. मी म्हटलं, लागलंय. “मग निघू या,” ते म्हणाले. आणि मी विचारलं, कुठे. का विचारलं मला माहीत नाही. तोंडातून गेलं. त्यांचा श्वास अडकत होता, पण त्यांनी सगळं नीट सांगितलं, थांबून थांबून. “तुला जायचंय तिथे सोडतो. उतरलीस की हात कर. त्याशिवाय गाडी हलवणार नाही.”

मी बरं म्हटलं. नर्सने फोन घेतला. दुपारी तिचा पुन्हा फोन आला, आणि या वेळी तिला ते एक वाक्यही पुरं करावं लागलं नाही.

आजीला सांगायला मी स्वतः टेकडीवर गेले. नियमाने जायला नको होतं. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, मला विचारलंस असं मला आठवत नाही, जा. शाळेच्या वर्गात ती लहान मुलांच्या बाकावर बसली होती, मी व्हरांड्यात, खिडकीचे गज मध्ये. तिला एकदाही जवळ न घेता मी सगळं सांगितलं. ते गेले हे, आणि मी तुझ्या नावाने बोलले हे, आणि त्यांचा प्रत्येक शब्द. ती ऐकत होती. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, “आवाज बरा होता का त्यांचा?” मी म्हटलं, बरा होता. मग ती मैदानाकडे बघत म्हणाली, “हे तिला मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारी समजूत काढतेय. तू परकी आहेस. तुझं तिला खरं वाटेल. ती विचारेल तेव्हा तू सांग.”

तू विचारलं नाहीस. त्याचा दोष मी देत नाही, विचारण्यासारखं माझ्यापाशी काही आहे हेच तुला माहीत नव्हतं. पण ते शब्द माझ्यापाशी राहिले, आणि ते माझे नव्हते. पाणी ओसरल्यावर मी आजीबरोबर घर बघायला गेले. भिंतीवर डोक्याच्या वर, छपराशी, गाळाची रेघ होती आणि कोनाडा चिखलाने लिंपून गेला होता. आजी आत गेली, मी उंबऱ्याशी थांबले, कारण मला आत कोणीतरी खुर्ची ओढल्यासारखा आवाज आला होता. काही नसेल. फुगलेलं लाकूड वाळताना करकरतं. तिला मी बोलले नाही. त्यानंतर ऑफिसात कानाला फोन लावला की पलीकडचं माणूस बोलायच्या आधीच्या त्या क्षणभराच्या शांततेत मला ती घरघर ऐकू येते. बाजारात कोणीतरी आपल्या मुलीला ठके म्हणून हाक मारली तर मी वळून बघितलं. बसमध्ये मला खिडकीशी बसवत नाही, आणि उतरले की चालत्या बसला हात करायला माझा हात उचलला जातो, मग मी तो खाली घेते. तो हात मी करणं बरोबर नाही.

साथ गेली. आमची खिडकी उघडली, वाटा पुन्हा दुतर्फा झाल्या, लोक समोरून येऊन दचकून हसायला लागले. घरांना खुशालीचे फोन करायचं काम मात्र मंडळाने पुढेही चालू ठेवलं, ते आता कायमचं झालं आहे. आजीला टेकडीच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या. मी कामावरून सुटले की तिच्याकडे जाते. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा मी उठून गॅलरीत जाते. आजी फोन स्पीकरवर ठेवते, म्हणून तुझा आवाज मला माहीत आहे, खूप भरभर बोलतेस आणि पटकन ठेवतेस. ठेवल्यावर आजी दरवेळी म्हणते, “अजून यायचं म्हणत नाही.” एकदा म्हणाली, “तिला वाटतं इथे भिंतीकडे तोंड करून कोणीतरी अजून बसलंय.”

आता हे पत्र आत्ताच का, ते सांगते. आजी गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं आहे, ऑपरेशन झालं, पण ती उठायचं नाव घेत नाही. डॉक्टर म्हणतात, हाड जुळेल, माणसाने मनावर घ्यायला हवं. तिला कळवू नको, तिची कामं असतात, असं तिने मला बजावलं आहे. रविवारी तुझा फोन वाजून वाजून थांबेल तेव्हा तू घाबरू नयेस, म्हणूनही हे लिहिते. आता हॉस्पिटलात कोणालाही भेटता येतं, दाराशी कोणी अडवत नाही, नातं विचारत नाहीत. आजी दुसऱ्या मजल्यावर आहे, जिन्याला लागून असलेल्या वॉर्डात, पलीकडच्या टोकाला. मी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसते, तिचे केस विंचरते, ऑफिसातल्या गमती सांगते. ती हसते, उत्तरही देते. पण सगळा वेळ माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत असते. त्यांनी जे सांगितलं ते मी आता तुझ्या हवाली केलं आहे. बाकीचं माझ्याने होण्यासारखं नाही. तू ये.

तुझीच, एकदा तुझ्या जागी बसून आलेली,
फोनवाली मावशी